काडीतली पोकळी

भट्टीतून लेडलमध्ये उतरलेला धातूचा रस डोळ्यांना कितीही स्वच्छ दिसला, तरी तो निव्वळ धातू नसतो. अ‍ॅल्युमिनियमच्या रसाला हवा लागली की त्यावर लगेच ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. रस उसळला की तो पापुद्रा स्वतःवरच दुमडतो आणि आत बुडतो. बिडाच्या रसात मळी असते, भट्टीच्या अस्तराचे आणि साच्यातल्या वाळूचे कण असतात. एसजी आयर्न करायचे तर मॅग्नेशियमची प्रक्रिया करावी लागते आणि तिच्यातून ऑक्साइड-सल्फाइडची आणखी भर पडते. ही सगळी घाण थंड झालेल्या नगात अडकून बसते. मशीनिंगच्या वेळी टूलची धार तिच्यावर जाते, दाबाखाली चालणारी पंपाची बॉडी तिथून पाझरते, आणि वारंवार भार सोसणाऱ्या भागात भेग तिथूनच वाढू लागते. बर्मिंगहॅम विद्यापीठातील जॉन कॅम्पबेल यांनी अनेक वर्षे हेच मांडले, की दुमडलेला पापुद्रा म्हणजे नगात जन्मतःच असलेली भेग, कारण त्याच्या समोरासमोर आलेल्या दोन कोरड्या बाजू एकमेकींना चिकटत नाहीत. साच्यात शिरताना रसाचा वेग सेकंदाला सुमारे अर्ध्या मीटरच्या वर जाऊ नये, हा त्यांचा आग्रह. आता हे गणित मांडून पाहावे: अवघ्या १३ मिलिमीटर उंचीवरून पडणारा द्रवही एवढा वेग गाठतो. म्हणजे रस गाळायचाही आहे आणि शांतही करायचा आहे, आणि तेही बिडासाठी सुमारे १४०० अंश सेल्सिअसला, तर पोलादासाठी १६०० च्या आसपास. या दोन्ही कामांसाठी साच्याच्या रनरमध्ये बसवतात तो सिरॅमिक फोमचा फिल्टर. पुढील प्रकरणांत त्या फोमची घडण आली आहे. ती कोणत्या बाजूने वाचावी एवढेच या प्रस्तावनेत सांगायचे आहे.

सिरॅमिक फोममध्ये घन पदार्थ फार थोडा असतो. आकारमानाचा ८० ते ९० टक्के भाग मोकळा, आणि उरलेल्यात एकमेकींना जोडलेल्या बारीक काड्यांचे जाळे. काड्यांनी वेढलेल्या कोठड्या, आणि एका कोठडीतून दुसरीत उघडणाऱ्या खिडक्या. एका इंचात किती छिद्रे येतात त्यावरून फिल्टरचा क्रमांक ठरतो. बाजारात त्याला पीपीआय म्हणतात. बिडासाठी साधारण १० ते २० पीपीआय, अ‍ॅल्युमिनियमसाठी २० ते ३० किंवा त्याहून बारीक, पोलादासाठी १० च्या आसपास. या फिल्टरला चाळणी समजण्याची चूक सहज होते. ३० पीपीआयच्या फोममधली खिडकीसुद्धा काही शे मायक्रॉनची असते, आणि तरीही तो काही दहा मायक्रॉनचे कण धरून ठेवतो. याचे कारण फोमच्या आडवळणी वाटेत आहे. रस प्रत्येक कोठडीत वळतो, दुभंगतो, पुन्हा एकत्र येतो. जड-हलके कण त्या वळणांवर प्रवाहाबरोबर राहू शकत नाहीत आणि काडीला टेकतात. धातूचा रस काडीला भिजवत नाही आणि ऑक्साइडच्या कणालाही भिजवत नाही, त्यामुळे कण एकदा काडीला टेकला की त्याला तिथेच राहू देणे रसाच्या पृष्ठऊर्जेला सोयीचे पडते. मोठ्या मळीचे तुकडे मात्र पहिल्या दर्शनी थरावरच थांबतात आणि त्यांचाच एक थर बनून पुढच्या बारीक कणांना अडवतो. प्रवाहाचा वेग वाढला की ही पकड सुटते. त्यामुळे गाळणे आणि शांत करणे या दोन वेगळ्या सेवा नाहीत, एकीवर दुसरी अवलंबून आहे.

हा फोम बनवण्याची जी रीत आज जगभर रुळली आहे, तिचे पेटंट १९६३ साली अमेरिकेत कार्ल श्वार्ट्झवाल्डर आणि आर्थर सोमर्स यांना मिळाले. रीत अशी: गाद्यांसाठी वापरतात त्या जातीचा, पण कोठड्यांमधले पडदे काढून टाकलेला पॉलियुरेथेनचा फोम घ्यायचा. अ‍ॅल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड किंवा झिर्कोनियाची पूड, माती, बाइंडर आणि पाणी यांची स्लरी करायची. फोम तिच्यात बुडवून रोलरमधून पिळून काढायचा, म्हणजे काड्यांवर लेप राहतो आणि खिडक्या मोकळ्या होतात. मग वाळवायचा, हळूहळू तापवून पॉलियुरेथेन जाळून टाकायचे, आणि शेवटी लेप पक्का भाजायचा. यातले खरे कसब स्लरीत आहे. ढवळताना ती पातळ व्हावी, म्हणजे आतपर्यंत शिरेल. आणि ढवळणे थांबताच घट्ट व्हावी, म्हणजे काडीवरून ओघळणार नाही. १९७० च्या दशकात अ‍ॅल्युमिनियमच्या ओतकामात हे फिल्टर वापरात आले, पुढे बिडात आणि पोलादात. रीत स्वस्त आहे, सोपी आहे, लाखो नग काढता येतात. तिच्याविषयी मला आदर आहे, आणि पुढे जी टीका करणार आहे ती हे मान्य करूनच.

एक हिशोब ध्यानात ठेवण्यासारखा आहे. बिडाच्या फौंड्रीत नेहमी दिसणारा ५० बाय ५० बाय २२ मिलिमीटरचा फिल्टर घेतला तर त्याचे आकारमान ५५ घन सेंटिमीटर होते. पॉलियुरेथेन फोमची घनता दर घनमीटरला २५ ते ३० किलो धरली, तर या फिल्टरमागे जेमतेम दीड ग्रॅम पॉलिमर जळून जातो. हा दीड ग्रॅम फिल्टरच्या अंगात कुठेच उरत नाही, म्हणून त्याचा हिशोब ठेवण्याची गरज कुणाला वाटत नाही. पण कोठडी केवढी, खिडकी कुठे, काडी किती जाड, तिचा छेद कसा, हे सारे त्या दीड ग्रॅमने ठरवलेले असते. माझे म्हणणे असे, की सिरॅमिक फोमची मर्यादा बहुतेक वेळा त्याच्या सिरॅमिकची नसते. पॉलिमर गेल्यावर काडीच्या आत जी पोकळी राहते तिची असते. म्हणून पॉलिमरला जाळून टाकायचा साचा न मानता सिरॅमिकचाच कच्चा माल मानणारी जी दुसरी वाट गेल्या काही दशकांत तयार झाली आहे, तिचा गांभीर्याने विचार झाला पाहिजे.

सेंद्रिय पदार्थाला आकार द्यायचा आणि मग तो नाहीसा करायचा, ही युक्ती नवी नाही. मेणाची मूर्ती करून तिच्यावर मातीचा लेप द्यायचा, मेण वितळवून काढायचे आणि मोकळ्या जागेत धातू ओतायचा, ही कृती बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात वर्णिली आहे. पण दोहोंत एक मूलभूत फरक आहे. मेणाची जागा धातू घेतो. पॉलियुरेथेनची जागा कोणीच घेत नाही. फोम भाजून झाला की प्रत्येक काडी आतून पोकळ नळी असते, आणि पॉलियुरेथेनच्या काडीचा छेद त्रिकोणी असल्यामुळे ही नळीही त्रिकोणी, आत वळलेल्या बाजूंची. ठिसूळ पदार्थात टोकदार कोपऱ्यापाशी ताण एकवटतो, हे तर अभियांत्रिकीचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. भरीला असे, की स्लरीचा लेप नेमका या त्रिकोणाच्या कडांवरच पातळ बसतो, कारण पृष्ठताण द्रवाला कडेवरून सपाट भागाकडे ओढतो. त्यातच पॉलियुरेथेन तापताना सिरॅमिकपेक्षा कितीतरी अधिक फुगते, आणि जळताना त्याचे वायू लेप फोडून बाहेर येऊ पाहतात, तेव्हा लेप अजून कच्चा असतो. ताण सर्वांत जास्त, जाडी सर्वांत कमी आणि लेप सर्वांत दुबळा अशा तिन्ही गोष्टी एकाच रेषेवर येतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अशा फोमच्या काडीवर कडेने धावणारी लांब भेग दिसते ती यामुळे.

लॉर्ना गिब्सन आणि मायकेल अ‍ॅशबी यांनी १९८८ च्या आपल्या पुस्तकात जाळीदार पदार्थांसाठी जे संबंध मांडले, त्यांचा इथे उपयोग होतो. ठिसूळ, उघड्या कोठड्यांच्या फोमची चिरडण्याची ताकद ही काडीच्या पदार्थाच्या वाकण्याच्या ताकदीच्या सुमारे एक-पंचमांशाला सापेक्ष घनतेच्या दीडव्या घाताने गुणून येते. म्हणजे घनता निम्मी केली तर ताकद एक-तृतीयांशाच्या आसपास उतरते. काडीच्या पदार्थाची ताकद ३०० मेगापास्कल आणि घनता १५ टक्के धरली तर फोमची ताकद साडेतीन मेगापास्कल यायला हवी. पॉलियुरेथेनवर लेप देऊन केलेल्या फोमची ताकद मात्र बहुधा एक-दोन मेगापास्कलच्या घरात भरते, कित्येकदा त्याहूनही कमी. हा फरक रसायनाचा नाही. तीच पूड, तीच भाजणी वापरून भरीव कांडी केली तर ती अपेक्षित ताकद देते. फरक पोकळीचा आणि भेगेचा आहे.

फौंड्रीत काम करणारा जाणकार यावर लगेच विचारील, की एवढी ताकद हवी आहे कशाला? प्रश्न रास्त आहे. २० सेंटिमीटर उंचीच्या बिडाच्या रसाचा दाब काढला तर तो मेगापास्कलच्या दीड शतांशाएवढाही भरत नाही. फिल्टरची ताकद त्याच्या कितीतरी पट आहे. हा आक्षेप स्थिर दाबापुरता खरा आहे, पण फिल्टर स्थिर दाबाने मोडतच नाही. तो मोडतो पहिल्या एक-दोन सेकंदांत, वरून येणाऱ्या रसाच्या धक्क्याने आणि खोलीच्या तापमानावरून १४०० अंशांवर झेपावताना बसणाऱ्या उष्णतेच्या धक्क्याने. शिवाय त्या आधीच पेटीत, वाहतुकीत, साच्यात बसवताना त्याच्या कडा चुरतात. आणि इथे एक विचित्र गोष्ट आहे: फिल्टरपासून सुटलेला सिरॅमिकचा कण हा फिल्टरच्या पुढे, थेट नगात जातो, त्याला अडवायला पुढे काही उरलेले नसते. घाण अडवायला बसवलेली वस्तू स्वतःच घाण देत असेल तर सरासरी ताकदीच्या आकड्याने समाधान मानता येत नाही. ताकदीची दुसरीही गरज आहे. रस खिडकीतून आत शिरायलाच काही उंची लागते, कारण तो काडीला भिजवत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या रसाचा पृष्ठताण आणि साधारण १२० अंशांचा स्पर्शकोन धरला, तर एक मिलिमीटरच्या खिडकीसाठी सुमारे ७ सेंटिमीटर उंची लागते आणि अर्ध्या मिलिमीटरच्या खिडकीसाठी त्याच्या दुप्पट. बारीक छिद्रांचा फिल्टर हवा असेल तर रस उंच चढवावा लागतो, म्हणजे धक्काही वाढतो. काडी दुबळी असली की बारीक गाळण्याची हौस तिथेच आवरती घ्यावी लागते.

जुन्या रीतीतच राहून ही पोकळी भरण्याचे प्रयत्न झाले आहेत आणि त्यांना यशही आले आहे. भाजलेल्या फोमला पुन्हा पातळ स्लरीचा दुसरा लेप देणे हा एक उपाय. त्याने भेगा बुजतात, ताकद वाढते. निर्वातात स्लरी आत ओढून नळी भरणे हा दुसरा. सिलिकॉन कार्बाइडच्या फोममध्ये वितळलेले सिलिकॉन शिरू दिले तर ते केशाकर्षणाने त्रिकोणी नळ्या भरून टाकते. सच्छिद्र बर्नरसाठी असे फोम चांगले ठरले आहेत, कारण त्यांची काडी आतून-बाहेरून अशी दोन्हीकडून ऑक्सिडीकरणाला सामोरी जात नाही. पण सिलिकॉन १४१४ अंशांना वितळते, आणि तीच त्या फोमची कमाल मर्यादा होते. हे उपाय मला मोलाचे वाटतात. तरी प्रत्येकात आधी पोकळी निर्माण करून नंतर ती बुजवण्याचा एक जादा टप्पा, जादा भाजणी किंवा जादा निर्वात-भांडे आहे. पोकळी होऊच नये असे काही करता येईल का, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर अनपेक्षित दिशेने आले. जपानमधील तोहोकू विद्यापीठात सेइशी याजिमा यांनी १९७५ साली दाखवून दिले, की पॉलिकार्बोसायलेन या पॉलिमरचा धागा काढून तो निष्क्रिय वायूत तापवला तर त्याचा सिलिकॉन कार्बाइडचा धागा होतो. इथे पॉलिमर सिरॅमिकला आकार देऊन नाहीसा होत नाही. त्याच्या कण्यातले सिलिकॉन आणि कार्बन जागेवर राहतात, हायड्रोजन आणि मिथेनसारखे हलके वायू तेवढे निघून जातात. अशा पॉलिमरांना सिरॅमिकपूर्व पॉलिमर म्हणता येईल. सिलोक्सेन, म्हणजे ज्यांना बाजारात सिलिकॉन रेझिन म्हणतात ते, या कुळातले सर्वांत सहज मिळणारे. ते नायट्रोजनमध्ये १००० ते १२०० अंशांपर्यंत तापवले की सिलिकॉन, ऑक्सिजन आणि कार्बन यांचे काचेसारखे मिश्रण होते, आणि मिथाइल जातीच्या रेझिनचे तर मूळ वजनाच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक मागे उरते. इटलीत पादुआ विद्यापीठातील पाओलो कोलंबो आणि मिकेले मोदेस्ती यांनी १९९९ साली हे रेझिन पॉलियुरेथेनच्या घटकांतच मिसळले, मिश्रण फुगू दिले आणि तो फोम जसाच्या तसा तापवला. काड्या भरीव निघाल्या. इंग्लंडमध्ये मोहन एदिरिसिंघे आणि सहकारी त्याच सुमारास पॉलियुरेथेनचा फोम सिरॅमिकपूर्व पॉलिमरच्या द्रावणात भिजवत होते; पुडीची स्लरी काडीवर बसते, पण असे द्रावण काडीत मुरते, आणि त्यातच सगळा फरक आहे. जर्मनीत एर्लांगेन येथे पीटर ग्राइल यांच्या गटाने आणखी पुढे जाऊन पॉलियुरेथेनच वगळले: रेझिनच्या स्वतःच्या रासायनिक जुळणीत सुटणाऱ्या पाण्याच्या आणि अल्कोहोलच्या वाफेनेच ते फुगवले. पॉलिमरमध्ये अ‍ॅक्रिलिकचे बारीक मणी मिसळून ते जाळले तर काही मायक्रॉनच्या कोठड्याही करता येतात, आणि फोमवर पुडीच्या स्लरीचा लेप देऊन ते साधणार नाही.

भरीव काडीबरोबर दुसराही लाभ येतो. उष्णतेच्या धक्क्याने पदार्थात उभा राहणारा ताण हा त्याच्या ताठरपणावर आणि तापल्यावर तो किती प्रसरण पावतो यावर ठरतो. अ‍ॅल्युमिनाचे प्रसरण दर अंशाला दशलक्षांश भागांत सुमारे ८, सिलिकॉन कार्बाइडचे साडेचारच्या आसपास, आणि सिलिकॉन रेझिनपासून मिळणाऱ्या या सिरॅमिकचे सुमारे ३. पहिल्या दोन सेकंदांचा जो प्रसंग वर सांगितला, त्याच्यासाठी हा आकडा फार बोलका आहे.

आता या वाटेवरच्या अडचणी, आणि त्या लहान नाहीत. पहिली आक्रसण्याची. पॉलिमरची घनता पाण्याच्या जवळपास असते आणि त्यापासून होणाऱ्या सिरॅमिकची दोनाहून अधिक, वजनही घटते. त्यामुळे प्रत्येक बाजू २० ते ३० टक्के आखडते. भरीव ठोकळा अशाने तडकून जातो. पण फोमच्या बाबतीत हा आक्षेप वाटतो तितका मारक नाही. काडी बारीक असते, वायूंना बाहेर पडायला काही दशांश मिलिमीटरच ओलांडावे लागतात, आणि सगळे जाळे एकसारखे आखडते. ग्राइल यांनी १९९० च्या दशकात मांडलेली सक्रिय पुडीची कल्पनाही इथे कामी येते: रेझिनमध्ये टायटॅनियमसारख्या धातूची पूड घातली तर ती सुटणाऱ्या कार्बनशी संयोग पावून फुगते आणि आखडण्याची बरीच भरपाई करते. दुसरी अडचण किमतीची. सिलिकॉन रेझिन हे पुडीपेक्षा आणि पॉलियुरेथेनपेक्षा महागच आहे, यात वाद नाही. परंतु सगळा फोम रेझिनचा करण्याची गरज नसते. स्वस्त सिलिकॉन कार्बाइडची पूड भरपूर आणि तिला बांधणारे रेझिन थोडे, असे मिश्रण चालते, आणि ही रेझिने उष्णता सोसणाऱ्या रंगांसाठी आणि विद्युतरोधक वार्निशांसाठी मोठ्या प्रमाणावर बनतातच. भाजणीचे तापमान दोन-तीनशे अंशांनी उतरते. उलट नायट्रोजनची भट्टी लागते. हिशोब कोणत्या बाजूला झुकेल हे नगाच्या किमतीवर ठरेल. १०० किलो बीड गाळून स्क्रॅपमध्ये जाणाऱ्या फिल्टरसाठी तो आज झुकत नाही, हे मी मान्य करतो. वर्षानुवर्षे चालायच्या बर्नरच्या किंवा उत्प्रेरकाच्या आधारासाठी तो झुकू शकतो.

तिसरी अडचण मला सर्वांत गंभीर वाटते, आणि या विषयाचे उत्साही लोक ती हलकी करून सांगतात म्हणून ती इथे स्पष्ट मांडतो. उच्च तापमान या शब्दाखाली फार निरनिराळी तापमाने खपवली जातात. सिलिकॉन रेझिनपासून मिळालेले सिरॅमिक १३०० अंशांच्या पुढे आतूनच ढासळू लागते. त्यातला ऑक्सिजन कार्बनशी मिळून वायूरूपाने निघून जातो. पोलादाच्या रसात तर सिलिकॉन कार्बाइडही टिकत नाही, लोखंड त्याला विरघळवते. तिथे बहुधा झिर्कोनिया वापरतात. राल्फ रीडेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली सिलिकॉन, बोरॉन, कार्बन आणि नायट्रोजन यांचे २००० अंशांपर्यंत टिकणारे सिरॅमिक पॉलिमरपासून करून दाखवले, पण त्याची किंमत आणि हवेपासून जपत करावी लागणारी हाताळणी पाहता ते ओतकामाच्या वाटेला येणार नाही. मग पोलादासाठी ही सारी चर्चा व्यर्थ आहे का? तसे नाही. सिलिकॉन रेझिनमध्ये अ‍ॅल्युमिनाची अतिसूक्ष्म पूड मिसळून हवेतच भाजले तर रेझिनमधल्या सिलिकॉनचे आणि अ‍ॅल्युमिनाचे मिळून म्युलाइट होते, तेही पुडीपासून करताना लागते त्याहून कमी तापमानाला. पादुआमध्ये एन्रिको बेर्नार्दो आणि कोलंबो यांनी यावर बरेच काम केले आहे. फ्रायबर्गच्या खाण-विद्यापीठात ख्रिस्तोस अनेझिरिस यांच्या नेतृत्वाखाली २०११ पासून चाललेल्या मोठ्या संशोधन-प्रकल्पात पोलादासाठी कार्बनने बांधलेल्या अ‍ॅल्युमिनाचे फिल्टर घडले. त्यांत डांबरजन्य बाइंडर हवेविना १००० अंशांच्या आत तापवून त्याचा कार्बनच सांधा म्हणून ठेवला जातो, आणि काडीवरचा लेप रसातल्या कणांशी अभिक्रिया करून त्यांना ओढून घेईल असा निवडता येतो. तिथे पॉलियुरेथेन अजून जाळलेच जाते, म्हणजे पोकळी आहेच. पण सेंद्रिय पदार्थ जाळून संपवण्याऐवजी त्याला सिरॅमिकच्या अंगात सामावून घेण्याची बुद्धी तीच आहे.

तापलेल्या वायूतली धूळ गाळण्याच्या बाबतीत फोमचे कौतुक जरा आवरते घ्यावे लागते. डिझेलच्या धुरातली काजळी धरायला आज भिंतीतून वायू नेणारी मधपोळ्याच्या घडणीची कॉर्डिएराइटची किंवा सिलिकॉन कार्बाइडची नळकांडी वापरतात, आणि ती फोमपेक्षा कितीतरी अधिक काजळी धरतात. कोळशाच्या वायूसाठी सिरॅमिकच्या लांब मेणबत्तीच्या आकाराच्या नळ्या असतात. बारीक धुळीसाठी फोमने त्यांची जागा घ्यावी असा दावा मी करणार नाही. काही मायक्रॉनच्या कोठड्यांचे पॉलिमरजन्य फोम आले तर चित्र बदलेल, पण तिथेही वायूच्या दाबाचा खर्च तपासावा लागेल. डार्सीने १८५६ साली पाण्यासाठी मांडलेला सरळ नियम वेगवान वायूला पुरत नाही. वेगाच्या वर्गाची संज्ञा त्यात मिळवावी लागते, आणि छिद्र बारीक होत जाईल तसा हा खर्च झपाट्याने वाढतो. थरांची त्रिमितीय छपाई करून हव्या त्या आकाराची भरीव जाळी छापता येते, असेही कुणी म्हणेल. ते खरेच आहे, आणि त्या छपाईत वापरायला सिरॅमिकपूर्व रेझिन उत्तम चालते, म्हणजे ही वाट माझ्या मुद्द्याच्या विरुद्ध जात नाही. फक्त साच्यामागे एक याप्रमाणे दिवसाला हजारोंनी लागणारे फिल्टर छापून काढण्याइतका छपाईचा वेग आज नाही.

या सगळ्यानंतरही बिडाच्या फौंड्रीत पॉलियुरेथेनवर लेप दिलेला सिलिकॉन कार्बाइडचा फिल्टरच अजून बराच काळ वापरात राहील, असा माझा निष्कर्ष आहे. पण तो वापरणाऱ्याने आणि बनवणाऱ्याने त्याच्या काडीकडे पाहायला शिकले पाहिजे. कोल्हापूरजवळ शिरोली आणि गोकुळ शिरगाव इथल्या, तसेच बेळगावच्या फौंड्र्यांत फिल्टरची चर्चा बहुधा पीपीआय, आकार आणि दर एवढ्यावर थांबते. उत्पादकांच्या तक्त्यांत ग्रे आयर्नसाठी दर चौरस सेंटिमीटरला साधारण ४ किलो आणि एसजी आयर्नसाठी त्याच्या निम्मे असा गाळण्याचा अंदाज दिलेला असतो, आणि मॅग्नेशियमची घाण ध्यानात घेता तो वाजवीही आहे. पण हा तक्ता खिडक्या बुजण्याविषयी बोलतो, काडी मोडण्याविषयी बोलत नाही. एकाच पीपीआयच्या दोन फिल्टरांत एकाची काडी दुसऱ्याच्या दुप्पट टिकाऊ असू शकते, आणि ते पेटीवरच्या लेबलावरून कळत नाही. म्हणून वाचकाला एक विनंती. ओतल्यावर फिल्टर रनरच्या तुकड्यासह परत भट्टीत जातो, वितळतो आणि मळीत निघून जातो, त्याच्याबरोबर त्याने सांगितले असते ते सारे नाहीसे होते. अधूनमधून असा एक तुकडा बाजूला काढा. फिल्टरमधून करवतीने छेद घ्या, पॉलिश करा आणि धातूंच्या तपासणीसाठी लॅबमध्ये असतो त्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरा. काडीतली त्रिकोणी पोकळी, तिच्या कडेची भेग आणि भेगेत शिरलेला धातू तुम्हाला स्वच्छ दिसेल. वेगवेगळ्या मालाचे असे छेद शेजारी शेजारी ठेवून पाहा, त्यांची छायाचित्रे जपून ठेवा, आणि पुढची खरेदी करताना दराच्या आधी ती पुरवठादारापुढे मांडा.